डॉक्युमेंट्स फोल्डर माणसाचा आहे, ॲपचा नाही

कळफलक

मी छोटी डेस्कटॉप ॲप्स लिहितो, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींसाठी. माझं मत स्पष्ट सांगतो, पटलं नाही तर जरूर खोडून काढा. ॲपने आपल्या फायली त्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमने नेमून दिलेल्या जागीच ठेवाव्यात, आणि डॉक्युमेंट्समध्ये न विचारता एकही फोल्डर तयार करू नये.

कुणाचाही जुना विंडोज संगणक उघडा. डॉक्युमेंट्समध्ये त्या माणसाच्या स्वतःच्या चार फायली सापडतील आणि बाकी सगळे गेम, स्कॅनर, व्हिडिओ एडिटर यांनी आणून टाकलेले फोल्डर. गेमसाठी तर विंडोज विस्टापासून 'सेव्ह्ड गेम्स' ही वेगळी जागा आहे. तरी 'माय गेम्स' तिथेच.

जागा नाहीत असं नाही. विंडोजवर ॲप्सच्या फायलींसाठी ॲपडेटा फोल्डर आहे, त्यात रोमिंग आणि लोकल वेगळे आहेत. ऑफिसात रोमिंग प्रोफाइल चालू असेल तर रोमिंगमधलं सगळं लॉगिन-लॉगआउटला सर्व्हरवरून ये-जा करतं. तिथे एखाद्या ॲपने जाडजूड कॅशे (पुन्हा तयार करता येणारा तात्पुरता साठा) ठेवली की सगळ्यांचं लॉगिन रखडतं. मॅकवर लायब्ररी या फोल्डरमध्ये ॲप्लिकेशन सपोर्ट, प्रेफरन्सेस आणि कॅशेस आहेत. लिनक्सवर 2003 पासून एक्सडीजी बेस डिरेक्टरी हा कोणती फाइल कुठे ठेवायची याचा संकेत आहे: सेटिंग डॉट-कॉन्फिग या (नावाआधी टिंब असलेल्या) फोल्डरमध्ये, डेटा डॉट-लोकलमधल्या शेअरमध्ये, कॅशे डॉट-कॅशेमध्ये. 2021 मध्ये त्यात स्टेटची भर पडली, म्हणजे लॉग आणि हिस्टरीसारख्या गोष्टींसाठी वेगळी जागा.

हे उगाच केलेलं वर्गीकरण नाही. मॅकचं टाइम मशीन कॅशेस फोल्डर बॅकअपमधून वगळतं. खरा डेटा तिथे ठेवलात तर तो बॅकअपला मुकतो. उलट कॅशे डेटाच्या जागी ठेवलीत तर बॅकअप फुगत जातो आणि डिस्क भरल्यावर नेमकं काय पुसायचं ते कुणालाच कळत नाही.

सांगलीकर

तुमचं म्हणणं प्रोग्रामरच्या बाजूने बरोबर असेल, पण मी दुरुस्तीच्या टेबलापलीकडून बघतो. गिऱ्हाईक सीपीयू घेऊन येतं आणि म्हणतं, "फॉरमॅट मारा, पण डेटा राहू दे." डेटा म्हणजे काय विचारलं की उत्तर ठरलेलं: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटो. ॲपडेटा हा शब्द आजवर एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलेला नाही. तो फोल्डर विंडोज मुळातच लपवून ठेवतं. मॅकनेही 2011 पासून लायब्ररी दडवली आहे.

एका किराणा दुकानदाराचं बिलिंग सॉफ्टवेअर होतं, नाव घेत नाही. जुन्या पद्धतीचं, प्रोग्राम फाइल्समध्येच डेटा लिहिणारं. मी तो फोल्डर कॉपी केला, उघडून बघितला, तर शेवटची नोंद कैक महिन्यांपूर्वीची. दुकान तर रोज चालू होतं. कारण असं की विस्टापासून विंडोज अशा प्रोग्रामला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहू देत नाही आणि तसं सांगतही नाही. लिहिलेलं गुपचूप ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर इथे वळवतं. सगळी उधारी तिथे सापडली. मला ती जागा माहीत होती म्हणून. दुसऱ्या कुणी फॉरमॅट मारला असता तर त्या माणसाने वसुली कशाच्या आधारावर केली असती?

म्हणून माझं मत उलट आहे. डेटा डोळ्यांसमोर हवा. डी ड्राइव्हवर, ठळक नावाच्या फोल्डरमध्ये.

कळफलक

तुमच्या अनुभवाला मान देऊनच सांगतो, दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. खिडकी कुठे उघडली होती, कोणता फाँट निवडला, ही ॲपची खासगी बाब. उधारीची वही माणसाची. ती कुठे ठेवायची हे पहिल्यांदा सुरू करतानाच विचारलं पाहिजे, यात आपलं दुमत नाही.

पण चालू डेटाबेस डॉक्युमेंट्समध्ये ठेवणं मला धोक्याचं वाटतं. हल्ली नव्या विंडोजवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बऱ्याचदा वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड साठ्याच्या ताब्यात जातात, आणि फुकट जागा 5 जीबी. ॲपचा डेटाबेस एसक्यूलाइट असेल आणि वॉल मोडमध्ये चालत असेल तर ताज्या नोंदी आधी शेजारच्या वॉल फाइलमध्ये जातात, मुख्य फाइलमध्ये नंतर. सिंक करणाऱ्या वनड्राइव्हला हे नातं माहीत नसतं. मुख्य फाइल एका वेळी वर गेली, वॉल दुसऱ्या वेळी, आणि दुसऱ्या संगणकावर ती जोडी उतरली की नोंदी गहाळ होतात किंवा फाइलच बिघडते. म्हणून चालती वही ॲपडेटामध्ये, आणि तिची तारखेसह एकसंध प्रत डॉक्युमेंट्समध्ये.

काळी_खिडकी

माझा विरोध वेगळ्या ठिकाणी आहे. "ज्या त्या सिस्टिमची जागा" हा नियम टर्मिनलच्या (आज्ञा टाइप करून चालवायच्या) साधनांना लावू नका. मी घरी लिनक्स वापरतो, ऑफिसात मॅक. माझी सगळी सेटिंग गिट या फायलींचे बदल सांभाळणाऱ्या साधनाच्या एका रिपॉझिटरीत (साठ्यात) आहेत आणि दोन्हीकडे डॉट-कॉन्फिगमध्ये बसतात. मग एखादं साधन येतं, ज्याच्या लेखकाने दुसऱ्याची तयार कोड-लायब्ररी वापरलेली असते, आणि ते मॅकवर ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये सेटिंग शोधायला लागतं. त्या नावात मध्ये स्पेस आहे. स्क्रिप्टमध्ये अवतरणचिन्हं राहिली की पाथचे (फाइलच्या पत्त्याचे) दोन तुकडे. गिट स्वतः 2012 पासून डॉट-कॉन्फिगमधली फाइल वाचतं, मॅकवरसुद्धा. मॅकची शिस्त खिडक्यावाल्या ॲप्ससाठी आहे, तिला तिथेच राहू द्या.

आणि होम फोल्डरमध्ये (वापरकर्त्याच्या मुख्य फोल्डरमध्ये) थेट टिंबाने सुरू होणाऱ्या, लपलेल्या फायली टाकणाऱ्यांचं समर्थन तर कुणीच करू नये. युनिक्सवर काम केलेले रॉब पाइक यांनी 2012 मध्ये लिहिलं होतं की सुरुवातीच्या युनिक्समध्ये फायलींची यादी दाखवणाऱ्या एलएस या आज्ञेने एक टिंब (हाच फोल्डर) आणि दोन टिंबं (वरचा फोल्डर) या नोंदी दाखवू नयेत म्हणून फक्त पहिलं अक्षर तपासलं गेलं, आणि त्या आळसातून लपलेल्या फायलींची प्रथा पडली. फायरफॉक्सने एक्सडीजीच्या जागा पाळाव्यात ही मागणी 2004 सालची, आणि ती मार्गी लागायला दोन दशकं उलटून गेली. एकदा लाखो लोकांच्या संगणकांवर जागा ठरली की ती हलवणं असं जड जातं. म्हणून पहिल्या आवृत्तीतच नीट ठरवा.

अनुस्वार

तुम्ही तिघंही पाथ साध्या इंग्रजी अक्षरांचा असणार असं गृहीत धरून बोलताय. विंडोजवर खात्याचं नाव "सुनीता" असं देवनागरीत दिलं की युजर्समधला फोल्डरही देवनागरीत होतो, आणि त्याखालचं ॲपडेटा, डॉक्युमेंट्स सगळंच त्या पाथमध्ये येतं. जुने प्रोग्राम तिथे अडखळतात, काही तर सुरूच होत नाहीत. मग सल्ला काय मिळतो, तर "नाव इंग्रजीत ठेवा". हा सल्ला मला मान्य नाही. चूक प्रोग्रामची आहे, नावाची नाही.

मॅकबद्दल एक बारकावा सांगते. "पायऱ्या" मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नाव साठवताना त्याची फोड करायची. तिथून फाइल लिनक्सवर नेली आणि त्याच नावाची दुसरी फाइल टाइप केली, की एकाच फोल्डरमध्ये "पायऱ्या" दोनदा दिसतं आणि दोन्ही वेगळ्या फायली असतात. नावांची तुलना करणाऱ्या ॲपने आधी दोन्ही एका रूपात आणलीच पाहिजेत.

लांबीचंही तसंच. लिनक्सच्या एक्स्ट4 फाइल सिस्टिमवर नावाला 255 बाइट मिळतात. यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं, म्हणजे 85 चिन्हं, त्यात काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजून. "वार्षिक सर्वसाधारण सभेचा इतिवृत्तांत" असं सुरू झालेलं नाव तिथवर पोचायला वेळ लागत नाही. विंडोजवर चाललेलं नाव लिनक्सवर नाकारलं जातं.

म्हणून पाथ हाताने जोडूच नका, सिस्टिमला विचारा. डॉक्युमेंट्स कुणी डी ड्राइव्हवर हलवलेलं असतं. लिनक्सवर भाषा बदलली की त्या फोल्डरचं नावही बदलू शकतं.

सांगलीकर

बाईंचं शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. पण कळफलक, पहिल्यांदा विचारलं तर लोक 'नेक्स्ट, नेक्स्ट' करतात, वाचत नाहीत. प्रत डॉक्युमेंट्समध्ये जाईल म्हणता, पण ती कधी काढायची हे माणसावर सोपवलंत तर काढणार कुणी नाही.

कळफलक

माणसावर सोपवणार नाही. ॲप बंद होताना प्रत आपोआप निघेल, शेवटच्या दहा ठेवेल. "डेटा कुठे आहे" हा पर्याय मुख्य मेनूत असेल आणि त्यावर क्लिक केलं की तो फोल्डर थेट उघडेल. ॲप काढून टाकलं तरी वहीला हात लागणार नाही. काळी_खिडकी, टर्मिनलच्या साधनांबाबत तुमचं घेतलं, मॅकवरही आधी डॉट-कॉन्फिग बघायचं.

सांगलीकर

दहा प्रती सी ड्राइव्हवरच ना? डिस्क गेली की दहाही गेल्या. दुसऱ्या ड्राइव्हचा पाथ मागा, पेन ड्राइव्ह चालेल. तो दिल्याशिवाय महिन्याचा हिशेब बंद करू देऊ नका.

काळी_खिडकी

याला मात्र माझा विरोध. आठवण करा, अडवणूक नको. महिनाअखेरीला पेन ड्राइव्ह हाताशी नाही म्हणून दुकानदाराचं काम थांबवण्याचा हक्क ॲपला कुणी दिला?