फेडरल ज्युरी ड्यूटीचं समन्स आलंय, काय तयारी ठेवावी?

नवनागरिक_एनजे

न्यू जर्सीच्या फेडरल (अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या) कोर्टाकडून ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळावर बसण्याचं, समन्स आलं आहे. आधी एक प्रश्नावली भरून पाठवली होती. आता तारीख, नऊ आकडी क्रमांक आणि 'आदल्या संध्याकाळी फोन करून खात्री करा' असा मजकूर आलाय. काउंटी कोर्टाची ज्युरी ड्यूटी माहीत आहे, फेडरलमध्ये वेगळं काय असतं? दिवस किती जातात, पगाराचं काय? त्याच काळातली पुण्याची तिकिटं काढलेली आहेत, तारीख पुढे ढकलून मिळते का?

दुसरं म्हणजे, आमच्याकडे राहणाऱ्या मेहुण्यालाही तशीच प्रश्नावली आली आहे. तो ग्रीन कार्डवर आहे. लागू नाही म्हणून फेकून दिली तर चालेल ना?

कागदोपत्री

आधी मेहुण्याचं बघा, तुमच्यापेक्षा त्याचा कागद जास्त नाजूक आहे.

फेकायची नाही. फेडरल कोर्ट नावं मतदार यादीतून काढतं आणि बऱ्याच डिस्ट्रिक्टांत (फेडरल कोर्टांच्या विभागांत) जोडीला ड्रायव्हिंग लायसन्सची यादीही वापरतात. लायसन्स ग्रीन कार्डवाल्यांकडेही असतं, त्यामुळे त्यांना प्रश्नावली येण्यात नवल नाही. अमेरिकेचे नागरिक आहात का, हा प्रश्न सुरुवातीलाच असतो. तिथे 'नाही', खाली सही, मुदतीत रवाना. विषय संपला. भरलेल्या फॉर्मचा फोटो किंवा प्रत मात्र जपून ठेवायची.

घोळ होतो तो घाईघाईत 'हो'वर खूण केल्यामुळे. या फॉर्मवरची सही शपथेवरची असते. नागरिक नसताना नागरिक असल्याचा दावा करणं हा फेडरल गुन्हा आहे, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. त्याहून वाईट म्हणजे इमिग्रेशन कायद्यात यावर हद्दपारीची तरतूद आहे आणि त्यातून सुटकेच्या वाटा फार थोड्या आहेत. पुढे नागरिकत्वाचा एन-४०० भरताना 'कधी अमेरिकन नागरिक असल्याचं सांगितलंय का' हा प्रश्न येतोच. चुकून 'हो' गेलं असेल तर कोर्टाच्या क्लार्कला लेखी दुरुस्ती कळवायची, पण त्याआधी इमिग्रेशन वकिलाला गाठायचं.

आणखी एक. त्याचं नाव मतदार यादीत तर नाही ना, हे राज्याच्या संकेतस्थळावर तपासून घ्या. लायसन्स काढताना मतदार नोंदणीचा प्रश्न विचारतात आणि तिथे नकळत सही झालेली असू शकते. तसं निघालं तर ज्युरीचा कागद ही किरकोळ बाब ठरेल.

जर्सीकर_वकील

आता तुमच्याबद्दल. (सर्वसाधारण माहिती देतोय, सल्ला नव्हे.)

तुमच्याकडे दोन टप्प्यांची पद्धत आहे: आधी पात्रता, मग समन्स. काही डिस्ट्रिक्ट दोन्ही एकदमच पाठवतात. पात्रता म्हणजे नागरिकत्व, वय १८ पूर्ण, त्या डिस्ट्रिक्टमध्ये किमान १ वर्ष वास्तव्य, फॉर्म भरण्याइतकं आणि बोलण्यापुरतं इंग्रजी, आणि गंभीर गुन्ह्याचा खटला किंवा शिक्षा नसणं. सैन्यातले, पोलीस आणि अग्निशमन दलातले पूर्णवेळ लोक मुळातच वगळलेले असतात. डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांना नुसत्या पेशामुळे सूट नाही. 'माझं इंग्रजी कच्चं आहे' हे कारण सॉफ्टवेअर मॅनेजरने सांगू नये. न्यायाधीशांचा पुढचा प्रश्न 'कामावर कुठल्या भाषेत बोलता?' हाच असतो.

संध्याकाळच्या फोनला कंटाळू नका. समन्स म्हणजे ठरावीक काळ हाताशी राहा, एवढाच निरोप. फेडरल फौजदारी प्रकरणांतली बहुतेक आरोपीच्या कबुलीने मिटतात, काही तर खटला उभा राहण्याच्या आदल्या दिवशी. तेव्हा निरोप बदलतो आणि सकाळचा प्रवास वाचतो. फोन न करताच गेलात तर बंद दारावर टकटक करून परत यावं लागतं. न्यू जर्सी राज्य मिळून एकच फेडरल डिस्ट्रिक्ट आहे, पण कोर्टं न्यूअर्क, ट्रेंटन आणि कॅमडेन अशा तीन ठिकाणी. समन्सवरचा पत्ता दोनदा वाचा.

दारात यू. एस. मार्शल सेवेची (फेडरल कोर्टांची सुरक्षा पाहणाऱ्या दलाची) तपासणी असते, विमानतळासारखी. खिशातला चाकू, कात्री, पर्समधली फळं कापायची छोटी सुरी घरीच ठेवा. मोबाइलचा नियम कोर्टागणिक वेगळा. कुठे आत नेता येतो, कुठे दारात जमा करतात. समन्ससोबतच्या पत्रकात ते लिहिलेलं असतं. न्यायदालनात फोटो आणि चित्रण मात्र फौजदारी खटल्यात सगळीकडेच बंद. पुस्तक, स्वेटर आणि पार्किंगची पावती, या तीन गोष्टी विसरू नका. एसी बेदम असतो.

मग ज्युरीच्या प्रतीक्षागृहात नोंदणी, एक माहितीपट आणि बसून राहणं. एका खटल्यासाठी लागतात त्याहून कितीतरी जास्त लोकांना दालनात नेतात आणि निवडीची प्रश्नोत्तरं सुरू होतात. राज्याच्या कोर्टात पुष्कळ ठिकाणी वकील लांबलचक प्रश्न विचारतात. फेडरलमध्ये मुख्यतः न्यायाधीशच विचारतात, त्यामुळे काम भराभर उरकतं. नोकरी, जोडीदाराची नोकरी, घरात कुणी पोलीस किंवा वकील, आधी कुठल्या खटल्यात गुंतला होता का, या प्रकारचे प्रश्न. खाजगी काही सांगायचं असेल तर 'बाजूला येऊन सांगू का' म्हणा. ते चालतं.

निष्पक्ष राहता येणार नाही असं दिसलं तर न्यायाधीश कितीही जणांना वगळू शकतात. त्याखेरीज कारण न देता वगळायचा कोटा वकिलांना असतो. गंभीर फौजदारी खटल्यात सरकारला ६ आणि बचाव पक्षाला १०, दिवाणीत दोन्ही बाजूंना ३-३. वंशावरून वगळायला सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६च्या बॅटसन निकालाने बंदी आहे, स्त्री-पुरुष भेदावरून १९९४पासून. तुम्हाला वगळलं तर मनाला लावून घेऊ नका. नेमकं का वगळलं ते तुम्हाला बहुधा कळणारही नाही.

हिशेबनीस

पैसे आणि रजा.

दिवसाला ५० डॉलर. एकाच खटल्यात १० दिवसांपेक्षा जास्त बसावं लागलं तर पुढच्या दिवसांना ६० पर्यंत देऊ शकतात. मैलांचा भत्ता वेगळा, टोल आणि पार्किंगचंही बघतात. चेक लगेच हातात पडत नाही. फेडरल सरकारच्या नोकरांना हे ५० मिळत नाहीत, त्यांचा पगार चालू राहतो.

ज्युरीवर गेल्याबद्दल कायम नोकराला काढणं, धमकावणं किंवा दबाव आणणं फेडरल कायद्यात बसत नाही. मालकाला दर उल्लंघनामागे ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पण नोकरी टिकवणं वेगळं आणि पगार देणं वेगळं. खाजगी मालकाने पगार द्यावाच अशी फेडरल सक्ती सरसकट नाही. ओव्हरटाइम न मिळणारे पगारी लोक असतात, म्हणजे आपल्यातले बहुतेक आयटीवाले, त्यांनी त्या आठवड्यात थोडंही काम केलं असेल तर ज्युरीमुळे पगार कापता येत नाही. ज्युरीचं मानधन तेवढं वळतं करून घेता येतं. आठवडाभर कामच केलं नाही तर त्या आठवड्याचा पगार बंधनकारक नाही. ताशी कामवाल्यांनी कंपनीचं धोरण आधी वाचावं. समन्स आलं त्याच दिवशी एचआरला प्रत द्या आणि रोज कोर्टातून हजेरीचा दाखला मागून घ्या.

पुण्याचं तिकीट: पुढे ढकलून मिळतं आणि पहिल्या वेळी सहसा कुरकुर होत नाही. ई-ज्युरर नावाची ऑनलाइन सोय आहे, त्यात विनंती टाका, तिकीट जोडा आणि आपल्याला जमेल असा काळ स्वतःच सुचवा. नुसतं 'आत्ता जमत नाही' लिहिलंत तर ते निवडतील ती तारीख नेमकी गणपतीत येईल. विनंती टाकली म्हणजे मंजूर झाली असं नाही. उत्तर हातात येईपर्यंत समन्स कायम आहे असंच धरायचं.

शिकागोची_मावशी

यात माझाही प्रश्न घुसडते. सासूबाई ७३ वर्षांच्या, नागरिक आहेत, इंग्रजी कामापुरतं. त्यांना प्रश्नावली आली आहे. मीच भरून पाठवू का? आणि 'ग्रँड ज्युरी' म्हणजे मोठ्या खटल्यांची ज्युरी का?

कागदोपत्री

भरा, पण त्यांच्या नावाने गुपचूप नाही. दुसऱ्याने फॉर्म भरला तर कुणी आणि का भरला ते फॉर्मवरच लिहायचं असतं, कायद्यातच तशी सोय आहे. सत्तरीपुढच्यांना बहुतेक डिस्ट्रिक्टांत मागितली की सूट मिळते. मागितली तर, आपोआप नाही. तशीच सूट मागच्या २ वर्षांत फेडरल ज्युरीवर बसलेल्यांनाही असते. काउंटी कोर्टात बसलेले दिवस त्यात आपोआप धरत नाहीत, यावर पुष्कळांची गफलत होते. इंग्रजीबद्दल जे खरं आहे ते लिहा, वाढवून किंवा कमी करून नको.

जर्सीकर_वकील

मावशी, ग्रँड ज्युरी खटला चालवतच नाही. आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे का, एवढंच ती ठरवते. १६ ते २३ जण असतात आणि आरोपपत्रासाठी १२ जणांची संमती लागते. समोर फक्त सरकारी वकील आणि साक्षीदार. न्यायाधीश नाहीत, आरोपीचा वकील नाही. आतलं बाहेर सांगायचं नाही. मुदत १८ महिन्यांपर्यंत आणि ती वाढूही शकते. रोज जावं लागत नाही, पण ठरलेले दिवस कित्येक महिने अडकतात. म्हणून समन्सवर 'ग्रँड' हा शब्द दिसला तर सवलतीची विनंती पहिल्याच आठवड्यात करा.

नवनागरिक, तुम्ही खटल्याच्या ज्युरीवर निवडले गेलात तर: फौजदारीत १२ जण आणि काही राखीव, दिवाणीत ६ ते १२. निकाल एकमताने, दिवाणीत पक्षकारांनी वेगळं ठरवलं असेल तर गोष्ट निराळी. खटला चालू असताना घरीसुद्धा त्याबद्दल बोलायचं नाही. सगळ्यात जास्त पाय घसरतो तो गूगलवर. आरोपीचं नाव शोधणं, घटनास्थळ नकाशावर बघणं, औषधाचा परिणाम वाचणं, हे सगळं बंद. कोर्टात न आलेला पुरावा तुमच्या डोक्यात शिरला तर दोन्ही वकिलांना त्याची उलटतपासणी करता येत नाही, आणि मग आठवडाभराचा खटला रद्द होऊ शकतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या फॅमिली ग्रुपवर 'मी अमुक केसवर आहे' एवढंही नको. तिथला एखादा काका बातमीची लिंक टाकणारच.

आपल्याकडच्या वाचकांच्या डोक्यात ज्युरी म्हटलं की मुंबईतला नानावटी खुनाचा खटला. तिथे ज्युरीने ८ विरुद्ध १ निर्दोष म्हटलं, सत्र न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि शिक्षा झाली. इथे तसं होत नाही. फेडरल ज्युरीने आरोपीला निर्दोष ठरवलं की सरकारला त्यावर अपील नाही. 'आपण काही म्हटलं तरी वरचे बघून घेतील' या समजुतीने आत बसू नका.

नवनागरिक_एनजे

छान, बरंच स्पष्ट झालं. एक राहिलं. समन्सकडे दुर्लक्षच केलं तर? ऑफिसात एक जण म्हणतो, काही होत नाही.

हिशेबनीस

१,००० डॉलरपर्यंत दंड, ३ दिवसांपर्यंत कैद, समाजसेवा, किंवा हे एकत्र. सहसा आधी आठवणीचं पत्र येतं, मग न्यायाधीशांसमोर येऊन कारण सांगा असा आदेश. तेव्हा खरं कारण असेल तर प्रकरण तिथेच मिटू शकतं.

याच भीतीचा फायदा घेणारे फोन येतात: 'तुम्ही ज्युरी ड्यूटी चुकवली, वॉरंट निघालंय, आत्ता गिफ्ट कार्डने दंड भरा.' फोनवर मार्शल ऑफिसचा नंबरही दिसू शकतो. कोर्ट फोनवर दंड वसूल करत नाही, सोशल सिक्युरिटी किंवा कार्डचा नंबरही मागत नाही. फोन ठेवा आणि समन्सवर छापलेल्या नंबरावर स्वतः फोन करा.

मानधन करपात्र आहे. टॅक्स भरताना शेड्यूल १ वर (रिटर्नच्या पुरवणी फॉर्मवर) 'ज्युरी ड्यूटी पे'ची वेगळी ओळ आहे, तिथे दाखवा. कंपनीने पूर्ण पगार देऊन मानधन परत घेतलं असेल तर त्याच शेड्यूलच्या दुसऱ्या भागात तेवढीच वजावट मिळते. मैलांचा भत्ता या मानधनात मिळवू नका.