क्लाउडवरील व्हर्च्युअल मशीन ‘रनिंग’ दिसते, पण बाहेरून अ‍ॅप्लिकेशन उघडत नाही

प्रश्न

नमस्कार. एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर उबंटू 22.04 ची एक ईसी2 (भाड्याची व्हर्च्युअल) मशीन सुरू करून मी तिच्यावर फ्लास्क या पायथॉनच्या फ्रेमवर्कमध्ये लिहिलेले छोटे अ‍ॅप्लिकेशन चढवले आहे. एसएसएचने (दुरून लॉगिन करून) मशीनमध्ये व्यवस्थित शिरता येते आणि आतून कर्ल ही कमांड वापरून 5000 क्रमांकाच्या पोर्टवर विचारणा केली की पानही मिळते. मात्र माझ्या लॅपटॉपवरील ब्राउझरमध्ये सार्वजनिक आयपी आणि पोर्ट टाकल्यास बराच वेळ चक्र फिरत राहते आणि शेवटी ‘टाइम्ड आउट’ असा संदेश येतो. कन्सोलमध्ये मशीन ‘रनिंग’ असून सगळे स्टेटस चेक हिरवे आहेत, त्यामुळे नेमके कुठे पाहावे हे कळत नाही. शिवाय मशीन थांबवून मी यूजर डेटामधील (मशीन सुरू होताना चालवण्यासाठी दिलेली) स्क्रिप्ट दुरुस्त केली आणि मशीन पुन्हा सुरू केली, पण त्या दुरुस्तीचा काहीही परिणाम दिसला नाही.

उत्तर 1

ते हिरवे चेक मशीन आणि तिचे नेटवर्क जिवंत असल्याचे सांगतात. अ‍ॅप्लिकेशन बाहेरून पोहोचण्याजोगे आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नसते. त्यापेक्षा एरर नीट वाचावा. ‘टाइम्ड आउट’ आला तर बहुतेक वेळा पॅकेट वाटेतच टाकून दिले जात असते आणि कोणीही उत्तर देत नसते. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आला तर पॅकेट मशीनपर्यंत पोहोचलेले असते, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नसते.

एसएसएच चालते आहे, याचा अर्थ सार्वजनिक आयपी, रूट टेबल (पॅकेटांची वाट ठरवणारा तक्ता) आणि इंटरनेट गेटवे (इंटरनेटशी जोडणारे दार) या तिन्ही गोष्टी जागेवर आहेत, म्हणून तिकडे वेळ घालवू नये. सिक्युरिटी ग्रुपच्या (मशीनसमोरील फायरवॉलच्या) इनबाउंड, म्हणजे आत येणाऱ्या जोडण्यांच्या, नियमांत बहुधा फक्त 22 क्रमांकाचा पोर्ट असेल. तिथे 5000 साठी टीसीपीचा नियम जोडा आणि चाचणीपुरता सोर्स म्हणून स्वतःचा आयपी /32 (म्हणजे फक्त तो एकच पत्ता) लावून द्या. सिक्युरिटी ग्रुप जोडणीची स्थिती लक्षात ठेवतो, त्यामुळे परतीच्या पॅकेटसाठी वेगळा नियम लागत नाही. एक कळकळीची विनंती: 22 समोर 0.0.0.0/0 (म्हणजे कोणताही पत्ता) असेल तर तो आजच काढून तिथेही स्वतःचा आयपी लावा, कारण उघड्या एसएसएच पोर्टवर पासवर्ड आजमावणारे बॉट फार लवकर येऊन धडकतात.

प्रश्नकर्ता

नियम जोडला. आता चक्र फिरत नाही. लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येते.

उत्तर 2

म्हणजे अर्धे काम झाले. फ्लास्कचा सर्व्हर मूळ सेटिंगनुसार 127.0.0.1 वरच ऐकतो आणि हा पत्ता मशीनबाहेरून कधीच गाठता येत नाही; आतून कर्ल चालते ते त्यामुळेच. चाचणीसाठी होस्ट 0.0.0.0 (म्हणजे मशीनचे सर्व पत्ते) द्या. तिथे सार्वजनिक आयपी लिहू नका. मी सुरुवातीला तेच केले होते आणि पत्ता वापरता येत नसल्याचा एरर पाहत दुपार घालवली होती. तो आयपी मशीनच्या नेटवर्क कार्डावर नसतोच. कार्डावर फक्त खाजगी आयपी असतो आणि दोन्हींची अदलाबदल इंटरनेट गेटवे करतो.

तरीही हा उपाय चाचणीपुरताच ठेवावा. फ्लास्कसोबत येणारा सर्व्हर प्रत्यक्ष वापरासाठी बनवलेला नाही. प्रत्यक्ष वापरासाठीचा गनिकॉर्न हा सर्व्हर 127.0.0.1 वरच चालवा, त्याच्यापुढे 80 आणि 443 वर विनंत्या पुढे पाठवणारा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवा आणि 5000 चा नियम काढून टाका. गनिकॉर्नची सिस्टमडी (लिनक्समधील सेवा सांभाळणारा प्रोग्राम) सर्व्हिस करून ती एनेबल केली, म्हणजे एसएसएच सत्र बंद झाल्यावर किंवा मशीन रीबूट झाल्यावरही अ‍ॅप्लिकेशन चालू राहील.

उत्तर 3

यूजर डेटाचा प्रश्न मागे राहिला, म्हणून लिहितो. ती स्क्रिप्ट क्लाउड-इनिट (नवी मशीन तयार करणारा प्रोग्राम) चालवते आणि मूळ सेटिंगनुसार केवळ पहिल्या बूटच्या वेळी, रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून. त्यामुळे रीबूट करून किंवा मशीन पुन्हा सुरू करून उपयोग नाही. नवी मशीन सुरू करूनच स्क्रिप्ट तपासावी आणि काही अडले तर क्लाउड-इनिटचा आउटपुट लॉग उघडावा. रीबूटने सार्वजनिक आयपी बदलत नाही, परंतु मशीन थांबवून पुन्हा सुरू केल्यास आपोआप मिळालेला आयपी बदलतो, म्हणून डोमेन जोडण्याआधी इलॅस्टिक (न बदलणारा) आयपी घ्या. थांबवलेल्या मशीनच्या डिस्कचे शुल्कही चालूच राहते, हे ध्यानात असू द्या.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. एनजिनएक्स बसवल्यावर आधी 502 (मागचा सर्व्हर नीट उत्तर देत नसल्याचा एरर) आला. सिस्टमडीच्या स्टेटसमध्ये 203 हा कोड दिसला, म्हणजे सर्व्हिस फाइलमध्ये दिलेल्या ठिकाणी गनिकॉर्न नव्हतेच. ते व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या (पायथॉन पॅकेजेसच्या वेगळ्या फोल्डरच्या) बिन फोल्डरमध्ये होते. पूर्ण मार्ग लिहून सर्व्हिस पुन्हा सुरू केली आणि पान उघडले. त्यानंतर सगळे टप्पे यूजर डेटामध्ये घालून दुसरी मशीन उभी केली, तर एसएसएच न करताच तिच्यावरही अ‍ॅप्लिकेशन चालू झाले. पहिली मशीन आता काढून टाकली आहे.