शब्दचर्चा: 'घोस्ट केलं'ला मराठीत काय म्हणायचं?

परवा भाची कॉलेज रोडवरून घरी आली ती रडवेलीच. "त्याने मला घोस्ट केलं," म्हणाली. आईने विचारलं, "अबोला धरलाय का गं?" तर म्हणाली, "आजी, अबोला परवडला असता." खरंय. अबोला सुटावा म्हणूनच धरतात, कुणीतरी समजूत काढील ही आशा त्यात असते. इथे फोन उचलत नाही, मेसेजला उत्तर नाही, गंगेवर (नाशिकच्या गोदाघाटावर) समोर दिसला तर वाट बदलतो. मेरियम-वेबस्टर या इंग्रजी कोशात 'घोस्ट'चा हा अर्थ २०१७ मध्ये आला, पण वागणं काही नवं नाही. शब्द सुचवा.

प्रतिसाद १: गुंगारा दिला.

प्रतिसाद २: गुंगारा नको. तो हुशारीने देतात, सावकाराला, पोलिसांना. हा मुलगा नुसता भित्राही असेल. 'अंग काढून घेतलं' म्हणा. नातं कसं संपवलं यात स्वभाव उतरतो. तारा कॉलिन्स आणि ओम्री गिलाथ या मानसशास्त्रज्ञांच्या २०१२ च्या अभ्यासात हेच दिसलं: ज्यांना जवळीक नकोशी होते ते थेट बोलणं टाळून नातं संपवतात, आणि ज्यांना एकटं पडायची धास्ती असते ते संपवतानाही परतीची वाट ठेवतात. या दुसऱ्यांना आपण 'झुलवत ठेवतो' म्हणतो, तो मला अन्याय वाटतो. झुलवण्यात मुद्दाम खेळवणं आलं. धास्तावलेला माणूस स्वतःच झुलत असतो. त्याचा 'पाय निघत नाही' म्हणावं.

प्रतिसाद ३: जुने शब्द बघा. सोडचिठ्ठीत चिठ्ठी आहे, काडीमोडात काडी आहे. म्हणजे दुसऱ्याच्या देखत काहीतरी करावं लागतं. उलट 'आमचं बिनसलं' यात कर्ताच नाही. पंचवटीत आमच्या ओळखीतला एक मुलगा स्वतः नातं तोडून आला आणि सगळ्यांना 'बिनसलं' सांगत फिरला. 'मी तोडलं' म्हणायला धीर लागतो.

मूळ लेखक: 'अंग काढून घेतलं' भाचीला सांगितलं. म्हणाली, "मामा, बरोबर आहे, पण हे सगळं त्याचंच झालं. मी पंधरा दिवस फोनकडे बघत बसले ते यात कुठे आहे?" आई मटार सोलता सोलता म्हणाली, "ताटकळत ठेवलं तुला." भाचीने मान हलवली. एका शब्दात बसत नाही, पण 'ताटकळत ठेवून अंग काढून घेतलं' हे मला पटतंय. याहून नेमकं कुणाकडे असेल तर जरूर लिहा, तिला वाचून दाखवीन.