अनुभव धागा: पहिल्या शोधकामात कुठं फसलात?

लेक एम.ए.च्या लघुप्रबंधाला बसली आहे. सर रोज एकच विचारतात, "हे कुठनं घेतलंस?" आणि ही रोज रडकुंडीला. बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या मंडळींनी आपापले घोळ सांगा. यशोगाथा नकोत, त्या घरात पुष्कळ ऐकवल्यात.

टिळकवाडीकर: मी शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या त्या ऑनलाइन भांडारावर, 'बेळगावी' टाकून बसले होते. हाताला चारच प्रबंध. एक सीनियर म्हणाली, "अगं, हे नाव सरकारी झालं १ नोव्हेंबर २०१४ ला. जुनी माणसं 'बेळगाव'च लिहिणार की!" जुनं स्पेलिंग टाकलं आणि ढीग लागला. मग कन्नडमधून शोधलं, आणखी निघालं. शिवाय १९५६ पर्यंत जिल्हा मुंबई राज्यात, त्यामुळं कागदपत्रं बंगळूरलाच असतील असं धरून चालू नका. १८८४ चं गॅझेटियरसुद्धा मुंबई इलाख्याचंच, खंड २१.

तंबाखूवाली: विषय निपाणीचं १९८१ चं तंबाखू आंदोलन. शेजारच्या आजींना विचारलं, "आंदोलनानं फायदा झाला ना?" त्या म्हणाल्या, "झाला की." "पोलिसांची भीती वाटली ना?" "वाटली की." अर्धा तास नुसतं 'की'! उत्तर मीच तोंडात घालत होते. दुसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, "रास्ता रोकोला जाताना डब्यात काय नेलं होतं?" आजी दोन तास बोलल्या. भाकरीवरनं निघाल्या त्या हायवेवर कोण कुणाशेजारी बसलं होतं इथवर. टेप मात्र पाऊण तासातच संपली होती, तो वेगळा घोळ.

लोंढा पॅसेंजर: वहीत उतारा सुंदर अक्षरात, पान नंबर नाही. चार ओळींसाठी खानापूरहून पुन्हा बेळगाव. पुस्तक बाइंडिंगला गेलेलं.

मोडीवेडा: आमच्या वाड्यातला मोडी कागद, शके १८०३. मी तो सरळ इसवी सन १८०३ धरला आणि पेशवाईवर तीन पानं खरडली! मार्गदर्शकांनी कागदातला 'कलेक्टर' शब्द दाखवून विचारलं, "बाजीरावाच्या राज्यात हा कुठनं आला?" शकात ७८ मिळवायचे हे तेव्हा कळलं. दुरुस्त करून १८८१ केलं. तेव्हापासून आधी कालगणना बघतो. शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली अरबी कालगणना) असला तर ५९९-६०० मिळवावे लागतात, ते आणखी निराळं.

टिळकवाडीकर: @मोडीवेडा, कागदावर महिना कुठला आहे वो? माघ-फाल्गुन असेल तर ७९ मिळवतात. इंग्रजी वर्ष तोवर बदललेलं असतं.

मोडीवेडा: थांबा, फोटो बघतो.

मोडीवेडा: माघ वद्य. म्हणजे १८८२. प्रबंध बाइंड होऊन ग्रंथालयात जाऊन बसलाय वो!

धागाकर्ती: लेकीला वाचून दाखवलं. आठवड्यात पहिल्यांदा हसली.