वय ३९, कॅनडात शिकायला जाऊन पीआर (कायमचं राहायची परवानगी) मिळेल का?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी, वर्षभर नुसतं वाचतोय, लिहितोय आज पहिल्यांदा. मी नाशिकचा, वय ३९, जानेवारीत ४० पूर्ण होतील. २००८ चा बीई मेकॅनिकल, तेव्हापासून सातपूर एमआयडीसीत क्वालिटीला आहे. घरी आई, मिसेस आणि मुलगी सहावीत. नोकरी तशी ठीक आहे पण चार वर्षांत पगार हललेला नाही आणि नवीन पोरं घेतात ती सगळी कॉन्ट्रॅक्टवर, त्यामुळे पन्नाशीत आपलं काय होणार हे डोक्यातून जात नाही.

एका कन्सल्टंटकडे तीन वेळा जाऊन आलो. तो म्हणतो टोरांटोजवळच्या कॉलेजात प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा २ वर्षांचा डिप्लोमा करा, मग वर्क परमिट, मग वर्षभर नोकरी केली की पीआर पक्का, वयाचं टेन्शन घेऊ नका. फी आणि राहणं धरून ३५ लाख सांगितलेत. मखमलाबादला प्लॉट आहे, तो काढला तर होतील. मिसेस आणि मुलगी सहा महिन्यांनी डिपेंडंट म्हणून येतील असं त्याचं म्हणणं. (मिसेस ३६ वर्षांची, बीएस्सी नर्सिंग २०११, १२ वर्षं आयसीयूला आहे, पण तिचं तिकडे काय ते नंतर बघू.)

चाळिशीत शिकायला जाऊन खरंच कोणाचा पीआर झालाय का? स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा, १० तारखेला पहिला हप्ता द्यायचाय.

ओटावाकर
दादा, तो हप्ता आधी थांबवा. मी इथे ११ वर्षं आहे, माझी फाइल मी स्वतः केली, नंतर भाच्याची आणि दोन मित्रांची करून दिली, म्हणून हे आकडे तोंडपाठ आहेत.

एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे इकडे मार्कांवर पीआर देतात त्या पद्धतीत, वयाला मार्क असतात (अधूनमधून ड्रॉ काढून कटऑफच्या वरच्यांना बोलावतात). बायको सोबत येणार असेल तर ३९ ला ५०, ४० ला ४५, ४१ ला ३५, ४२ ला २५, ४३ ला १५ आणि ४५ ला शून्य. आता तुमचं गणित मांडा. पुढच्या सप्टेंबरला जाल तेव्हा ४०, कोर्स संपेल तेव्हा ४२, वर्षभर नोकरी होईपर्यंत ४३. म्हणजे वयाचे उरले १५. आयईएल्टीएस झकास आलं, वहिनींचंही आलं, इकडच्या डिप्लोमाचे आणि नोकरीचे सगळे मार्क धरले तरी बेरीज ४३० च्या आसपास जाते (मी आत्ता कागदावर करून बघितली). आणि कॅनडात नोकरी केलेल्यांचे जे ड्रॉ २०२५ मध्ये निघाले त्यांचा कटऑफ ५०० च्या वर होता. म्हणजे ३५ लाख आणि तीन वर्षं घालूनही दारातच उभे.

बरं त्याच्याही आधीची अडचण, १ नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेज डिप्लोमावाल्यांना वर्क परमिट हवं तर कोर्सचा विषय सरकारने ठरवलेल्या यादीत लागतो आणि बिझनेस-मॅनेजमेंट छापाचे कोर्स त्या यादीत नाहीत. मग कसला वर्क परमिट आणि कसली वर्षभर नोकरी. आणि बायकोला ओपन वर्क परमिट (कुठेही काम करायची परवानगी) फक्त १६ महिने किंवा त्याहून जास्तीचं मास्टर्स, पीएचडी किंवा मोजके प्रोफेशनल कोर्स करणाऱ्यांच्या जोडीदारालाच, हे २१ जानेवारी २०२५ पासून आहे. डिप्लोमावर वहिनींना काम करता येणार नाही. कन्सल्टंटने हे सांगितलं नसेल तर तो एकतर जुन्या नियमांवर बोलतोय नाहीतर त्याला तुमचा हप्ताच हवाय. शिवाय बीई आणि १७ वर्षांच्या अनुभवानंतर डिप्लोमाला अर्ज, व्हिसा ऑफिसर पहिला प्रश्न हाच विचारतो की हा का शिकतोय. शिकायचं पण आहे आणि राहायचं पण आहे असं मनात असणं इकडच्या कायद्यात चालतं, पण अभ्यासाचं कारण पटलं पाहिजे ना.

आता तुम्ही जे कंसात टाकलंत त्यावर येतो. वहिनींच्या नावाने फाइल का नाही करत? त्यांना वयाचे ६५ आहेत. आज नाशिकला बसून, कॉलेजला एक रुपयाची फी न भरता, दोघांचं आयईएल्टीएस तसंच झकास धरलं तर त्यांचा स्कोअर ३९५ च्या आसपास निघतो. एवढ्याने होत नाही, नर्सेस ज्या हेल्थकेअर ड्रॉमध्ये येतात तिथे २०२५ मध्ये साधारण ४६० ते ५१० लागले. पण फ्रेंच केलं, टीईएफ किंवा टीसीएफ या फ्रेंचच्या परीक्षेत चारही भागांत लेव्हल ७ आणली तर ६२ मार्क वाढतात आणि फ्रेंचवाल्यांचे वेगळे ड्रॉ निघतात, तिथे मार्च २०२५ ला कटऑफ ३७९ पर्यंत आला होता. नाहीतर एखाद्या प्रांताने नर्स म्हणून नॉमिनेट केलं तर एकदम ६००. फ्रेंच सोपी नाही, रोज दोन-तीन तास धरले तरी दीड वर्ष जाईल, पण प्लॉट जागेवर राहतो आणि मुलीची शाळा मोडत नाही.

परत_आलेला
वरच्यांनी आकडे दिलेत, मी जे झालं ते लिहितो. सप्टेंबर २०१८ ला गेलो, तेव्हा वय ४१, बायको आणि मुलगा सोलापुरात. दोन वर्षांचा डिप्लोमा. कोर्स वाईट नव्हता, शिकवणारेही चांगले होते, त्यांच्यावर माझा राग नाही. पण कोर्स संपला २०२० ला, कोविडात, माझ्या लाइनची नोकरी मिळेना, मिळाली ती गोदामात, रात्री ११ ते सकाळी ७, फ्रीझर सेक्शन. दोन जोड हातमोजे घालूनही बोटं लाकडासारखी व्हायची. ३ वाजता ब्रेक, तेव्हा उन्हाळ्यात घरी दुपारचे साडेबारा, बायको फोन तांब्याला टेकवून ठेवायची आणि मी मुलाला जेवताना बघायचो. काही बोलायचं नसायचं, नुसतं बघायचो.

फेब्रुवारी २०२१ ला एक ड्रॉ निघाला, कटऑफ ७५. चूक नाही, पंच्याहत्तरच. २७,३३२ लोकांना एका दिवसात बोलावलं, माझ्या बेसमेंटमधल्या दोघांना आलं, पंचवीस-सव्वीसची पोरं, एक बँकेत होता, एक आयटीत. मला नाही आलं, कारण गोदामात माल उचलणं पीआरच्या अनुभवात धरतच नाहीत, कामाचा वर्ग वरचा लागतो. त्या ड्रॉमध्ये मार्क सगळ्यांकडेच होते, माझ्याकडे धरला जाणारा अनुभव नव्हता. २०२२ ला परत आलो. कर्ज अजून दीड वर्ष आहे.

पहिल्या दिवशी मला कोणी एवढंच विचारलं असतं, की कोर्स झाल्यावर तू नक्की कुठल्या कंपनीत कुठलं काम करणार, ते आधी सांग, तर मी गेलो नसतो किंवा वेगळा कोर्स घेऊन गेलो असतो. दादा, तुम्ही स्वतःला हा एक प्रश्न विचारा.

मेलबर्नवाला
कोणी ऑस्ट्रेलिया सुचवेल म्हणून सांगून ठेवतो, इथे शिक्षणानंतरचा ४८५ व्हिसा १ जुलै २०२४ पासून ३५ वयापर्यंतच आहे (पीएचडी वगैरे सोडून). आधी ५० होतं. चाळिशीत शिकायला यायचा रस्ता इथे जवळपास बंद झालाय.

श्टुटगार्टची_ताई
मला थोडं उलटं सांगायचंय, चाळिशीच्या आसपास शिकायला जाऊच नये असं नाही. मी ३७ व्या वर्षी जर्मनीत मास्टर्सला आले, आज ४२, पीआर झाला. या रस्त्याला वयाचे मार्क नाहीत. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात आणि इथली डिग्री असेल तर २ वर्षं नोकरीवर पीआरचा अर्ज करता येतो, जर्मन भाषा बी१ म्हणजे मधल्या पातळीची लागते. फी सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी नाहीच, आमच्या राज्यात बाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो. ब्लॉक्ड अकाउंटला (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) २०२५ मध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागत होते. एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, विद्यार्थ्यांचा स्वस्त सरकारी हेल्थ इन्शुरन्स ३० वयापर्यंतच, मला प्रायव्हेट घ्यावा लागला.

पण मी माझ्याच विषयात आले आणि पुण्याला मॅक्सम्युलर भवनात बी१ करूनच विमानात बसले. इंग्लिशवर निभावेल म्हणून आलेले वर्गातले तिघं नोकरी शोधता शोधता थकले. आणि आयसीयूतल्या सिस्टर इथे हव्याच आहेत, वहिनींनी बी२ केलं आणि डिग्रीची मान्यता घेतली तर शिकायला यायचीही गरज नाही. मान्यतेत काही महिन्यांचं ट्रेनिंग नाहीतर एक परीक्षा निघते, तेवढी तयारी ठेवायची.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मिसेसला हे पूर्ण वाचून दाखवलं. ती उठली, कपाटावरची बॅग काढली आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, मार्कशीट, सगळं पलंगावर मांडलं. म्हणाली, तू तीनदा कन्सल्टंटकडे गेलास, मला एकदाही बरोबर ये म्हणाला नाहीस. खरं आहे ते. माझ्या डोक्यात जाणारा मीच होतो, ती मागून येणारी.

कन्सल्टंटला नाही म्हणून कळवलं. तिला भाषा कोणती घ्यायची ते अजून ठरत नाहीये, तिचा कल जर्मनकडे आहे. पण ट्रान्सक्रिप्ट दोन्हीकडे लागतील ना? हेल्थ युनिव्हर्सिटी इथेच म्हसरूळला आहे, सोमवारी तिची सुट्टी आहे तर दोघं जाऊन येतो. आणि हॉस्पिटलचं एक्सपीरियन्स लेटर एका ओळीचं आहे, नुसतं "१२ वर्षे कार्यरत" असं, चालेल का?

ओटावाकर
कॅनडाला नाही चालणार. लेटरहेडवर पद, कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याचे तास, पगार आणि रोजची कामं, म्हणजे व्हेंटिलेटरचे पेशंट, औषधं, नोंदी जे काय करतात ते सगळं हवं, खाली सही-शिक्का आणि फोन नंबर. मेट्रनबाईंना भेटून मसुदा वहिनींनीच लिहून द्यावा, ऑफिसवर सोडला तर परत एकच ओळ येईल. तुमचंही तसंच लेटर आत्ताच घेऊन ठेवा. ट्रान्सक्रिप्ट जास्तीचे दोन संच सीलबंद मागा.