पहिलं काम फुकट करावं का? अनुभव लिहा

ओसरी
काल कणीक मळताना एका ब्रोकरचा मेसेज आला. "मॅडम, बाणेरला एक टू बीएचके रिकामा पडलाय. एवढा एक फ्री करून द्या, पुढची सगळी कामं तुमचीच." हसायलाच आलं. धंदा सुरू केला तेव्हा अगदी हेच ऐकलं होतं, फक्त तेव्हा मॅडमऐवजी 'बेटा' होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विकायची किंवा भाड्याने द्यायची घरं मी फोटोंसाठी आणि बघायला येणाऱ्यांसाठी लावून देते. होम स्टेजिंग म्हणतात. इंटिरियर नाही, म्हणजे सुतार नाही, पीओपी नाही. असलेल्या सामानातलं निम्मं माळ्यावर टाकायचं, उरलेलं हलवायचं, मरतुकड्या ट्यूब काढून नीट दिवे लावायचे, पडदे धुवायचे. घर रिकामंच असेल तर माझा सोफा, माझे गालिचे, माझ्या कुंड्या टेम्पोत घालून जायचं.

तर ते 'बेटा'वाले काका. कोथरूडचा फ्लॅट, लिफ्ट बंद, सोफा जिन्यावरून चढवला. टेम्पो माझा, हमाल माझे. फ्लॅट विकला गेला, काका खूश. पुढचं काम आलं ते त्यांच्या भाचीच्या भाड्याच्या घराचं. तेही फुकट. "तुम्ही करताच ना!"

पैसे देणारं पहिलं गिऱ्हाईक मात्र त्याच मजल्यावर मिळालं. समोरच्या दारातल्या काकू सोफा चढताना बघत होत्या. "किती घेता हो?" असं थेट विचारलं, घासाघीस केली आणि काम दिलं. म्हणजे फुकट केलेलं काम उपयोगी पडलं, पण ज्याच्यासाठी केलं त्याच्याकडून नाही. अजून डोक्यात आहे ते.

तुमचे अनुभव सांगा. स्टेजिंगच हवं असं नाही. मेंदी, फोटो, शिवणकाम, क्लासेस, काहीही.

रानजाई
मेंदी. एका चुलत बहिणीच्या साखरपुड्याला फुकट काढली. आमच्याकडे चुलत बहिणी किती आहेत हे मला तेव्हा कळलं.

बेसनलाडू
रानजाई 😂😂

एडिसनकर
ओसरी, मी न्यू जर्सीत हेच करते. इथे घर ठराविक मुदतीसाठी एकाच एजंटकडे असतं. घेणारा कोणीही आणू दे, त्याचं कमिशन ठरलेलं. म्हणून बरेच एजंट निदान पहिल्या भेटीची फी स्वतःच्या खिशातून देतात. तरी "एकदा फ्री बघून जा" म्हणणारे आहेतच.

माझा नियम, बोलणं एकवेळ फुकट, सामान कधीच नाही. सामानाला गोदाम लागतं, ट्रक लागतो, उचलणारी माणसं, वर इन्शुरन्स. त्यातलं मला कोण फुकट देतंय?

दुसरा प्रकार म्हणजे "क्लोजिंगला देतो". घर विकलं की पैसे. ऐकायला बरं वाटतं. एक सौदा इन्स्पेक्शननंतर फिसकटला, घर परत बाजारात, माझं डायनिंग टेबल तिथे अडकलेलं आणि दुसऱ्या घरासाठी तेच टेबल कबूल केलेलं. आता अर्धे आगाऊ, आणि मुदत संपली की सामानाचं भाडं महिन्यावर. ऑगस्ट २०२४ पासून इथले कमिशनचे नियम बदलले, तेव्हापासून एजंट मंडळींचा हात आणखीच आखडलाय.

मुलाला पोहायला सोडायचंय, उरलेलं नंतर.

पेठेतला
मी ब्रोकर आहे. घाला शिव्या.

पण एडिसनकरांनी जे लिहिलंय तिथेच सगळी मेख आहे. पुण्यात रिसेलचा एक फ्लॅट सात-आठ जणांकडे असतो. किल्ली वॉचमनकडे, जो आधी गिऱ्हाईक आणेल त्याचा सौदा. एका बाजूने एक-दोन टक्के, तेही मालक शेवटी कापून देणार. मी स्टेजिंगचे पैसे घालायचे आणि सौदा दुसऱ्याने न्यायचा? म्हणून आम्ही फुकट मागतो. चूक आहे, मान्य. पण फायदा मालकाचा आहे, तर पैसे मालकाकडे मागा. ब्रोकरकडून फक्त मालकाचा नंबर घ्या. तेवढं आम्ही फुकट देतो. 😀

ओसरी
पेठेतला, हे इतक्या सरळ मला कोणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद! आणि शिव्या नाही घालणार, नंबर द्या मालकांचे.

स्वरा७
मोबाईलवरून लिहितेय, चुका सांभाळून घ्या. माझ्या मैत्रिणीचं सांगते. तिने ओळखीत एक फ्लॅट असाच लावून दिला, पैसे नाहीत म्हणून कागदही नाही. बघायला आलेल्या जोडप्याला घर इतकं आवडलं की "हे असं आहे तसंच द्या" म्हणाले. आणि मालकाने दिलं! तिचे दिवे, ज्यूटचा गालिचा, आरसा, फिडल लीफची मोठी कुंडी, सगळं घरासकट गेलं. ही विचारायला गेली तर मालक म्हणतो, मला वाटलं ते तुमच्याकडून भेट आहे. फुकट केलेल्या कामात काय आपलं आणि काय त्याचं हे लिहून कोण ठेवतं! आता ती प्रत्येक वस्तूचा फोटो आणि यादी करून मालकाची सही घेते, पैसे घेवोत न घेवोत.

चकली_बाई
डोंबिवलीचा आमचा फ्लॅट दीड वर्ष विकला जात नाहीये. ओसरी, फुकट येतेस का? 😜
(गंमत गं. पण खरंच, हॉलमध्ये सासूबाईंचा पलंग, गोदरेजचं कपाट आणि शिलाई मशीन. लोक आत येतात आणि बाजूने चालत बाहेर जातात.)

दूरचा_पाहुणा
थोडी माहिती: घर विकण्याआधी असं मांडून दाखवायची कल्पना १९७२ च्या सुमारास सिअॅटलजवळ बार्ब श्वार्झ या एजंटबाईंनी सुरू केली असं मानतात. नाटकाची पार्श्वभूमी असल्याने त्यांनी 'स्टेज' शब्द घेतला. आपल्याकडे बिल्डर सॅम्पल फ्लॅटमध्ये हेच करतात, फक्त लबाडीने. पलंग मापापेक्षा छोटा, आतल्या खोल्यांना दारंच नाहीत, एक भिंत आरशाची.

बेसनलाडू
दारं नाहीत!! मी सॅम्पल फ्लॅट बघून घर घेतलं आणि आता बेडरूमचं दार उघडलं की कपाट उघडत नाही.

पेठेतला
+१ बेसनलाडू. अर्ध्या पुण्याची हीच कथा.

कुपारी
मी उलट बाजूने लिहितो. गोव्यात साळगावला आतेभावाने जुन्या घराचा होमस्टे केला. बायकोने (ती हेच करते, तेव्हा नवीन होती) सगळं फुकट लावून दिलं. पण कबूल करून घेतलं: फोटो तिचे, ती कुठेही वापरणार, आणि गणपतीच्या आधी संपवायचं, नंतर 'अजून एक खोली' चालणार नाही. बल्काववर, म्हणजे दारापुढच्या बसायच्या कट्ट्यावर, दोन जुन्या खुर्च्या, शिंपल्यांच्या खिडक्यांना तेल लावून पुसलं, खरं सांगायचं तर फार काही नव्हतंच. पण फोटो झाले. त्या फोटोंवर पुढची कामं आली. नवख्या माणसाकडे दाखवायला काहीच नसेल तर कोण पैसे देणार? त्यामुळे सरसकट 'फुकट करू नका' मला पटत नाही. आपल्या माणसाचं करा, आपल्या अटींवर करा. परक्या ब्रोकरचं कशाला?

रानजाई
आपल्या माणसाचं?? कुपारी, माझी पोस्ट परत वाचा. चुलत बहिणी!

फोटोवाला_बंड्या
लग्नाचे फोटो काढतो. "पहिलं फुकट करा, आमच्या ग्रुपमध्ये खूप लग्नं आहेत." केलं. त्या ग्रुपमधून फोन आले, सगळ्यांचा एकच प्रश्न, "त्यांना जे रेट दिले तेच ना?" आता फुकट करायचं असलं तरी बिल पूर्ण रकमेचं देतो आणि खाली सूट लिहितो. कळू दे काय वाचलं ते.

ओसरी
बंड्या, बिलाची कल्पना आजपासून माझी.

मी सध्या असं करते: घरी येऊन बघण्याची फी घेते, काम दिलं तर तीच रक्कम बिलात वळती करते. ज्यांना खरंच करायचंय ते कुरकुर न करता देतात. ज्यांना फक्त गप्पा मारून "सोफा कुठे ठेवू" एवढं काढून घ्यायचंय, ते फीचं नाव काढलं की "ह्यांना विचारून सांगते" म्हणतात. कुपारींचं पटतं, फोटोंसाठी मीही आधी आत्याचं घर लावलं होतं. पण बाणेरवाल्याला नाही म्हणून कळवलंय. म्हटलं, मालकांचा नंबर द्या. 😀

निवांत_मी
आता एआयने रिकाम्या खोलीच्या फोटोत सोफा टाकून देतात, चहाच्या पैशात. स्टेजिंग कशाला?

एडिसनकर
आले परत. निवांत, फोटोत सोफा आणि दार उघडलं की रिकामा हॉल, आवाज घुमतोय. लोकांना फसवल्यासारखं वाटतं. कॅलिफोर्नियात तर २०२६ पासून फोटोत असा फेरफार असेल तर तसं सांगणं बंधनकारक झालंय.

आणि चकली, पलंगाचं काय घेऊन बसलीस, इथल्या देशी घरात देव्हारा हलवायचा असतो! एका काकूंनी त्यापायी मला पाण्यात बघितलं. देव गराजमध्ये ठेवणार नाही म्हणाल्या, बरोबरच आहे. शेवटी देव धाकट्या मुलीकडे माहेरपणाला गेले आणि ओपन हाउस (घर सगळ्यांना बघायला खुलं ठेवतात तो दिवस) झाल्यावर परत आले. फोडणीवर बंदी वेगळीच. ती त्यांनी पाळली नाही, रविवारी सकाळी मी पोचले तर घरभर लसूण.

चकली_बाई
😂 देवांचं माहेरपण! बरं, वासावर काय करतेस? आमच्याकडे ओलीचा वास येतो, बाथरूमलगतच्या भिंतीला.

एडिसनकर
चकली, ओल असेल तर कापूर-उदबत्ती नको. घेणारा मुद्दाम लावलेला वास ओळखतो आणि भिंतीला हात लावून बघतो. आधी गळती काढ.

पेठेतला
हेच. ओल दिसली की गिऱ्हाईक किंमत पाडतं, गळती काढायला लागतात त्याच्या दुपटीने. वॉटरप्रूफिंगवाला हवाय का?

चकली_बाई
डोंबिवलीत येईल असा असेल तर द्या ना.

पेठेतला
ठाण्याचा आहे, येईल. व्यनि (खासगी मेसेज) करतो. भिंत बघायचे पैसे घेतो हां तो. 😀

चकली_बाई
घेऊ दे. आणि कोणाला गोदरेजचं कपाट हवंय का? जुनं, जाड पत्र्याचं, लॉकर आहे, किल्ली एकच. उचलून तुम्हालाच न्यावं लागेल, तिसरा मजला.

बेसनलाडू
उंची किती? माझं बेडरूमचं दार उघडायला हवं.