आशाताई, तुमची स्वतःची तब्येत कशी आहे? सीमाभागातील अनुभव

घरभेटीला गेल्यावर आपण उंबऱ्यातूनच विचारतो, ‘काकू, तब्येत कशी आहे?’ हाच प्रश्न स्वतःला विचारून त्याचे खरे उत्तर लिहावे, अशी विनंती मी आपल्या भागातील आशाताईंना केली होती. देशात 2005 मध्ये ‘आशा’, म्हणजे गावातील आरोग्य स्वयंसेविकांची, ही योजना आली तेव्हा निवडीसाठी 25 ते 45 वर्षे ही वयाची अट होती. तिशीत कामाला लागलेल्या आपल्यापैकी अनेकजणी आता पन्नाशीला टेकल्या आहेत. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासली जावी म्हणून आपण घरोघरी फिरतो. त्या यादीत आपलेही नाव आहे, याचा मात्र विसर पडतो. माझ्यापुरते सांगायचे, तर माझी शेवटची तपासणी केव्हा झाली हे मला आठवत नाही. आशाताईंनी लिहून पाठवलेली उत्तरे त्यांच्याच शब्दांत पुढे देत आहे.

खानापूर तालुक्यातून

माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. बोलण्यापुरती कन्नड मला येते, कारण बाजारात आणि बसमध्ये ती आपोआप कानावर पडते. परंतु नोंदवही कन्नडमध्ये भरणे ही वेगळी गोष्ट आहे. दिवसभरातील माहिती मी मुलाच्या जुन्या वहीत मराठीत उतरवून घेते आणि रात्री जेवणे आटोपल्यावर कन्नड शाळेत शिकणारा तो मुलगा व मी मिळून ती नोंदवहीत चढवतो. एकदा त्याची परीक्षा होती, म्हणून मी एकटीच लिहीत बसले, आणि गर्भिणींच्या रकान्यात जायचे एक नाव गर्भपाताच्या रकान्यात गेले. दोन्ही शब्दांची सुरुवात सारखी आणि डोळ्यांवर झोप. ती मुलगी सुखरूप होती, पुढे तिला मुलगाही झाला, पण मासिक बैठकीत सर्वांसमोर झालेली विचारणा माझ्या मनातून गेली नाही. डोके दुखण्याला तेव्हापासून सुरुवात झाली. सिस्टरांनी सहज म्हणून पट्टा बांधला, तर रक्तदाब 160/100 निघाला. आता रोज गोळी घेते. कोणी विचारले तर ‘बरी आहे’ म्हणते, आणि महिनाअखेर आली की नोंदवही उशाशी घेऊन जागी राहते.

निपाणी परिसरातून

मानधन हाती पडायला उशीर होतो, म्हणून हंगामात मी तंबाखूच्या वखारीतही कामाला जाते. ‘दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या’ हे वाक्य मी हजारदा तरी उच्चारले असेल. मला स्वतःला पाच आठवडे खोकला होता. वखारीत बसणाऱ्या सगळ्याच बायका खोकतात, त्यात माझा निराळा काय, अशी मी मनाची समजूत घातली होती. शेवटी माझ्याच क्षयरुग्णांपैकी एका आजोबांनी, ज्यांना मी समोर बसवून गोळ्या देत असे, विचारले, ‘अक्का, तुझी थुंकीची डबी कधी देणार?’ मला हसू आले आणि लाजही वाटली. थुंकीत काही निघाले नाही. धुळीने छातीचा त्रास झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले. वखार अजून सुटलेली नाही.

बेळगावजवळच्या गावातून

फेरीला निघण्यापूर्वी मी पाणी पीत नाही, कारण वाटेत कोणाच्या घरी स्वच्छतागृह विचारण्याचा संकोच वाटतो. वर्षातून दोनदा तरी लघवीची जळजळ होते.

(असेच आणखी चौघींनी लिहिले आहे, म्हणून त्यांचे मजकूर वेगळे देत नाही. गरोदर बाईला भरपूर पाणी पिण्यास बजावणाऱ्या आपणच त्या!)

चिकोडी तालुक्यातून

जानेवारी 2025 मध्ये बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कमधील आशांच्या धरण्याला मीही गेले होते. थंडी होती, खाली ताडपत्री होती आणि उशाला पिशवी. दरमहा किमान 10,000 रुपये मानधनाच्या आश्वासनानंतर आम्ही परतलो, त्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मला सांगायचे ते एवढेच की, घरी मध्यरात्री तीनला जाग येणारी मी तिथे उघड्यावर सकाळपर्यंत गाढ झोपत असे. फोन वाजला तरी तो माझ्यासाठी नसेल, हे ठाऊक होते.

भालकी तालुक्यातून

ताई, तुमच्या प्रश्नाला मी ‘चांगली’ असे उत्तर देते, आणि परवाच माझी साखर 240 आली आहे. नवरा गेल्यावर दोन वर्षे मी घराबाहेर पडले नव्हते. तेव्हा कोणताही आजार निघाला नव्हता, तरी सकाळी अंथरुणातून उठावेसे वाटत नसे. आता पहाटे कोणी ‘पोरीला कळा सुरू झाल्यात’ म्हणून हाक मारली, की मी चप्पल शोधत बाहेर येते. दिवसभर चालून तळव्यांची आग होते, म्हणून रात्री पाय बादलीत बुडवून बसते. मधुमेहात पाय भिजवत ठेवू नयेत, ते रोज पुसून, निरखून पाहावेत, असे मीच गावाला सांगत असते.